मान मोकळी झाली, पण किती दिवस?

शुक्रवारी रात्री रिलीज गेलं आणि शनिवारी सकाळी मान गेली. गेली म्हणजे डावीकडे वळेचना. तशी ती दोन वर्षं कुरकुरतेच आहे. आई म्हणते उशी बदल, बॉस म्हणतो खुर्ची बदल (आपल्या पैशाने). टीममधल्या एकाने ऑस्टिओपॅथ सुचवला. "जादू आहे रे त्याच्या हातात!" म्हणून गेलो.

आणि खरं सांगतो, बरं वाटलं. पाऊण तास एक माणूस फक्त माझ्याकडे लक्ष देत होता. झोप कशी लागते, जबडा दुखतो का, सगळं विचारलं. आधी खांदे, बरगड्या, पाठीचा वरचा भाग हळूहळू दाबून, ताणून मोकळा केला. मानेवर अगदी शेवटी आला. परत जाताना सिग्नलला मागे वळून बघता आलं! चार दिवस सुखात गेले. पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या ओळखीचं आहे. सर्व्हर रीस्टार्ट केला की तोही चार दिवस छान पळतो. मेमरी लीक तिथेच असतो.

मग जरा वाचून काढलं. ही पद्धत अँड्र्यू टेलर स्टिल या अमेरिकन माणसाची. १८७४ साली त्याने ती मांडली आणि १८९२ मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिलला पहिलं कॉलेज काढलं. त्याच्या आत्मचरित्रात एक गोष्ट आहे. लहानपणी डोकं दुखत होतं, म्हणून झोपाळ्याची दोरी खाली घेतली, तिच्यावर मान टेकून पडला, झोप लागली, उठला तर डोकेदुखी गायब. गोष्ट गोड आहे, पण आमच्याकडे याला "माझ्या मशीनवर चालतंय" म्हणतात.

पुरावा म्हणाल तर जुन्या मानदुखीवर ऑस्टिओपॅथीचा २०१५ साली एक आढावा झाला. त्यात चाचण्या तीन, रुग्ण १२३. दुखणं कमी झालेलं दिसलं, पण १२३ म्हणजे आमच्या ऑफिसच्या एका मजल्याएवढेही नाहीत! मला जास्त भावला तो २०१२ चा एक अमेरिकन प्रयोग. त्यात कायरोप्रॅक्टर होते आणि मानदुखी तीन महिन्यांच्या आतली, म्हणजे अगदी माझी केस नव्हे. पण २७२ लोकांत मणक्यांवरचे हाताचे उपचार गोळ्यांपेक्षा सरस ठरले, आणि एक-दोनदा शिकवून घरी करायला दिलेले व्यायाम जवळपास तेवढेच!

म्हणून माझा राग उपचारावर नाही, पॅकेजवर आहे. दुसऱ्या खेपेला रिसेप्शनवरच्या बाईंनी "मणका सरकलाय, दहा सिटिंग लागतील" असं सांगून कार्ड मशीन पुढे केलं. मणके असे उठसूट सरकत नाहीत हो. आणि तो 'कट्ट' आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, तिचा असतो. आमच्या गल्लीतला न्हावी दाढीनंतर मान मोडायचा तेव्हा हाच आवाज यायचा, आणि फुकट. (ते मात्र करून घेऊ नका. झटक्याने मान फिरवल्यावर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत. क्वचित, पण आहेत.)

आणि हाताला मुंग्या येत असतील, पकड सुटत असेल, चालताना तोल जात असेल, तर ऑस्टिओपॅथ वगैरे राहू द्या, आधी एमबीबीएसवाल्या डॉक्टरकडे जा. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने नोंदणीशिवाय स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवता येत नाही, अमेरिकेत डी.ओ. म्हणजे गोळ्या लिहून देणारे, ऑपरेशन करणारे पूर्ण डॉक्टर. आपल्याकडे पाटीवरून काही कळत नाही. कुठे शिकलात, हे तोंडाने विचारावं लागतं. मी विचारलं, त्याने न चिडता सांगितलं.

पॅकेज घेतलं नाही. त्यालाच म्हटलं, घरी करायचं काहीतरी शिकव. हसला, आणि दोन व्यायाम दाखवले. एकात हनुवटी सरळ मागे ओढायची, डबल चिन दिसेपर्यंत. दिवसातून चारदा. सहा आठवडे झाले, मान अजून कुरकुरते, पण वळते. चार वाजताचा रिमाइंडर नेमका स्टेटस कॉलवर येतो, तेव्हा कॅमेरा बंद करतो. एकदा विसरलो होतो.