तारीख नसलेलं पुस्तक आफ्रिकेला नेऊ नका

माझे मामा सत्तरीला टेकलेत. लेक-जावई नैरोबीत, म्हणून २०१२ साली ते एकदा तिकडे जाऊन आले होते. आता पुन्हा जायचं ठरलं तेव्हा त्यांनी हौसेनं एक मराठी मार्गदर्शक पुस्तक विकत आणलं. त्यात ठळक अक्षरांत छापलं होतं की, पीतज्वराच्या लशीचा दाखला दहा वर्षं चालतो. मामांनी हिशेब केला, मुदत संपलेली. पहाटेची विरार लोकल धरून ते मुंबईला लस टोचून घ्यायला गेले. तिथल्या डॉक्टरांनी दाखल्याचं पिवळं कार्ड उघडून पाहिलं आणि विचारलं, "काका, तुम्हाला पुन्हा टोचायला सांगितलं कुणी?"

हा दाखला ११ जुलै २०१६ पासून आयुष्यभर चालतो. जागतिक आरोग्य संघटनेचा नियम आहे आणि तो आधी घेतलेल्या जुन्या कार्डांनाही लागू आहे. त्यात साठीपुढच्या माणसाला या लशीचा गंभीर त्रास होण्याचा धोका तरुणांपेक्षा जास्त. म्हणजे नुसता दिवस वाया गेला एवढ्यावर निभावलं, ते त्या डॉक्टरांमुळे. पुस्तकावर काय छापलं होतं? पाचवी आवृत्ती, २०२३.

मी प्रकाशकांना फोन केला. उत्तर मिळालं, "मजकूर तोच आहे हो, छपाई नवी."

मग त्याला पुनर्मुद्रण म्हणा! छापखान्यातून पुन्हा हजार प्रती निघाल्या की आपल्याकडे त्याला बेधडक 'नवी आवृत्ती' म्हणतात. कादंबरीच्या बाबतीत वाचकाचं त्यानं काही बिघडत नाही. मार्गदर्शक पुस्तकाच्या बाबतीत ही लबाडी आहे, आणि हा शब्द मी विचार करून वापरतेय. माणूस त्या पानावर विश्वास ठेवून स्वतःच्या दंडात सुई टोचून घेतो.

वसईतल्या एका वाचनालयाच्या ग्रंथनिवड समितीवर मी काही वर्षं काम करतेय. प्रवासाच्या कपाटात आफ्रिकेवरची पुस्तकं आहेत. त्यातली बरीचशी प्रवासवर्णनं. सूर्यास्त पाहून लेखकाला काय वाटलं ते पानोपानी आहे; वाचकानं डॉलर कुठे बदलावेत, कुठल्या महिन्यात जावं, कुठलं औषध जवळ ठेवावं, ते कुठेच नाही. उरलेली 'मार्गदर्शक' म्हणवणारी एकमेकांवरून उतरवलेली. एकानं चूक केली की तीच चूक, त्याच वाक्यात, दुसऱ्यात सापडते. नैरोबीला सुती कपडेच न्या, आफ्रिकेत कडक ऊन असतं, असं तीन पुस्तकांत वाचलं. नैरोबी शहर कळसूबाईच्या शिखरापेक्षा उंचावर आहे. जुलै-ऑगस्टच्या रात्री तिथे स्वेटर लागतो. या तिघांपैकी एकानं तरी तिथे एक रात्र काढली असती, तर हे लिहिलं नसतं.

सहलींची माहितीपत्रकं तर याहून वाईट, आणि अनेक घरांत तेच एकमेव मार्गदर्शक असतं. आपल्या शाळांना मे महिन्यात सुट्टी, म्हणून मे महिन्यात सफारी. मुखपृष्ठावर मारा नदीत उड्या टाकणारे विल्डबीस्टचे कळप आणि आ वासलेली मगर. मे महिन्यात ते कळप दक्षिणेला, टांझानियाच्या सेरेंगेटीत असतात. मारा नदी ते ओलांडतात साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये. मार्च ते मे हा केनियातला मोठ्या पावसाचा काळ; मसाई माराच्या काळ्या मातीत गाड्या रुततात. मे महिन्यात जाऊ नये असं मी म्हणत नाही. रान हिरवंगार असतं, गर्दी नसते, भावही उतरलेले असतात. पण तसं छापा ना. आयुष्यभराची पुंजी घालून चार माणसांचं कुटुंब निघतं, त्याला दुसऱ्याच महिन्याचं चित्र दाखवून पैसे घेणं म्हणजे सरळ फसवणूक.

मग इंग्रजी पुस्तक घ्यावं? घ्यावं. माझं मत विचाराल तर आफ्रिकेसाठी ब्रॅड्टची पुस्तकं. १९७४ पासून हे प्रकाशन चालू आहे, आणि युगांडा, टांझानिया, मोझांबिक या देशांवर लिहिणारा त्यांचा फिलिप ब्रिग्ज त्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं हिंडलेला माणूस आहे. पण तीही पुस्तकं मुळात लंडनहून निघणाऱ्यासाठी लिहिलेली. केनियाहून परतताना पीतज्वराचा दाखला जवळ नसेल तर मुंबईच्या विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात, आणि लस टोचल्यावर दाखला लागू व्हायला दहा दिवस जावे लागतात, हे त्या वाचकाला सांगायची त्यांना गरज नाही. आपल्याला ते कळायलाच हवं. चिवडा-चकल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून निघायची सवयही आपलीच. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि कायद्यात चार वर्षांपर्यंत तुरुंगवास लिहिलेला आहे. हे सांगणारं पान मराठीतच हवं, आणि तेच मराठीत नाही.

याचा संताप मला वसईकर म्हणून जास्त येतो. आफ्रिकेच्या किनाऱ्याचं एक अतिशय जुनं मार्गदर्शक पुस्तक आपल्या दारात येऊन गेलंय. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं 'पेरिप्लस'. लिहिणाऱ्याचं नाव ठाऊक नाही, पण तो इजिप्तकडचा व्यापारी होता हे मजकुरावरून दिसतं. तांबड्या समुद्रातून उतरून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यानं तो राप्ता या शेवटच्या बाजारपेठेपर्यंत जातो आणि तिथल्या शिवलेल्या होड्या, हस्तिदंत यांची नोंद करतो. आपल्या बाजूच्या किनाऱ्यावरून तिकडे गहू, तांदूळ, तूप, तिळाचं तेल, सुती कापड जातं, हे लिहितो. आणि याच किनाऱ्यावरच्या बंदरांत त्यानं सुप्पाराचं नाव घेतलंय. म्हणजे आपलं सोपारा, जिथल्या बुरुड राजाच्या कोटात १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरून काढला.

'पेरिप्लस'मधल्या त्याच्या पुढच्याच नोंदीसाठी मी हे सगळं सांगतेय. कल्याणबद्दल तो व्यापारी लिहितो की, थोरल्या सारगन राजाच्या काळात हे बंदर रीतसर खुलं होतं. आता सत्ता बदलली, अडवणूक चालते, ग्रीक जहाज चुकून तिथे लागलं तर पहाऱ्यात भडोचला नेतात. पूर्वी काय होतं, आता काय आहे, कशानं बदललं आणि तुमच्या जहाजाचं काय होईल, हे चारही त्यानं सांगितलं. दोन हजार वर्षांपूर्वी, हातानं लिहून. आणि आज संगणकावर एक ओळ बदलायची तर आमच्या प्रकाशकांना जड जातं.

पुस्तक हाती घ्याल तेव्हा आधी चित्रं पाहू नका, श्रेयनामावलीचं पान उघडा. लेखक तिथे कुठल्या वर्षी गेला होता, ते लिहिलंय का? नसेल तर ठेवून द्या. केनियाच्या प्रकरणात प्रवेश परवाना शोधा. जानेवारी २०२४ पासून तिथे व्हिसा जाऊन ऑनलाइन पूर्वपरवानगी आली. जुनाच व्हिसा सांगत असेल तर पुस्तक शिळं. नैरोबीहून मोम्बासाला जुन्या रात्रीच्या गाडीनं जा म्हणत असेल तर ते २०१७ च्या आधीचं, कारण त्या वर्षी नवा रुंद लोहमार्ग सुरू झाला आणि जुनी गाडी बंद पडली. त्याच प्रकाशकाचं भारतावरचं पुस्तक मिळालं तर त्यात वसई काढा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. नंतरच्या 'आवृत्ती'तही वसई ठाणे जिल्ह्यातच असेल, तर ज्यांना विरार लोकलच्या टप्प्यातलं तपासता आलं नाही त्यांच्या भरवशावर मोम्बासाला जाऊ नका.

मोम्बासाचं नाव निघालंच आहे तर, तिथला फोर्ट जीझस पोर्तुगिजांनी १५९३ साली बांधायला घेतला. त्याचा आराखडा करणारा इटालियन स्थपती कैराती हा वसईच्या तटबंदीच्या कामातही होता. आपल्या किल्ल्याचा हा भाऊ समुद्रापलीकडे उभा आहे, जागतिक वारसा यादीत आहे, आणि मी चाळलेल्या एकाही मराठी पुस्तकात ही ओळ नाही. वसईतून दर वर्षी माणसं तिकडे जातात, त्या तटाला टेकून फोटो काढतात आणि परत येतात.

समितीच्या गेल्या बैठकीत मी त्या कपाटातली चार पुस्तकं काढून टाकायला लावली. एक सदस्य म्हणाले, "कोरी दिसतायत हो, वाचकांना असू द्या." मी त्यांना मामांचं कार्ड दाखवलं. आता खरेदीच्या यादीत आम्ही एक रकाना वाढवलाय, लेखकाच्या प्रवासाचं वर्ष. तो रिकामा असला की पुस्तक घ्यायचं नाही.

मामा ऑगस्टमध्ये निघतायत. स्वेटर घेतलाय, खाऊ स्टीलच्या डब्यांत भरायचा ठरलाय. पिवळं कार्ड २०१२ चंच आहे.