बरोबरीने राहायला जाताना
चाकूरहून जर्मनीत 'ओ पेअर' म्हणून जाऊ पाहणाऱ्या लेकरांनी आधी त्या शब्दाचा अर्थ मनात धरावा. शब्द मूळचा फ्रेंच, अर्थ 'बरोबरीने'. म्हणजे ज्या जर्मन कुटुंबात राहून मुलं सांभाळायची, त्या घरात आपण मोलकरीण नाही, पाहुणेही नाही. घरातलंच एक माणूस. सकाळी मुलांना उठवायचं, डबा भरायचा, किंडरगार्टनला सोडायचं, दुपारी आणायचं, खेळवायचं, थोडं हलकं घरकाम करायचं. आपल्याकडे थोरली बहीण धाकट्यांना सांभाळते, ते काम म्हणून कुणी मोजत नाही. तिथं ते मोजलं जातं: दिवसाला जास्तीत जास्त ६ तास, आठवड्याला ३०. दीड दिवस सुट्टी, स्वतःची खोली, जेवण, विमा, महिन्याला २८० युरो हातखर्च आणि भाषावर्गासाठी ७० युरो. हा पगार नव्हे. यातून घरचं कर्ज फिटणार नाही, हे आईवडलांना आधीच सांगा. व्हिसाच्या अर्जावेळी वय १८ ते २६ आणि जर्मनची ए-१ पातळी हवी. ती पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात शिकता येते. मुक्काम फार तर वर्षभराचा. करार लेखीच करा, तासांची नोंद वहीत ठेवा, जास्त काम पडलं तर संकोच न करता बोला. जाताना ज्वारीचं पीठ न्या, तिथल्या लेकरांना भाकरी थापून खाऊ घाला. आणि परत येताना एक जाणीव घेऊन या: आपल्या आईच्या कामालाही तास असतात, आणि तेही मोजायला हवेत.