ऐसपैस

आमच्या बालपणी, म्हणजे १९८० च्या आगेमागे, बेळगावाहून कवळ्याच्या शांतादुर्गेस जावयाचे म्हणजे भाड्याची अँबॅसडर ठरवावयाची, असा घरचा शिरस्ता होता. पुढे चालकाशेजारी दोघे, मागे चौघे मोठे, त्यांच्या मांडीवर आम्ही पोरे आणि पायांपाशी फराळाचा डबा. अनमोड घाटाच्या वळणांवर सारे कुटुंब त्या सलग बैठकीवर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे घसरत असे. तरीही ‘ऐसपैस गाडी’ म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे आजही तीच उभी राहते.

हे स्मरण होण्यास निमित्त घडले ते असे. गेल्या दिवाळीत आमच्या घरी मोटार घ्यावयाचे ठरले. चिरंजीवांच्या मनात एक लांब, ठेंगणी, मागे मोठी डिकी असलेली सेडान भरली होती. दुकानात आम्ही प्रथम आईला बसविले. ती बसली खरी. पण उतरताना एक पाय बाहेर टाकून तशीच थांबली. दोघांनी हात दिला तेव्हा उठली. वाटेत काही बोलली नाही. रात्री पानावर बसल्यावर म्हणाली, “गाडी छान आहे रे. घ्या तीच. मी काय, घरी बसून देवीला हात जोडीन.” एकोणऐंशी वर्षांच्या त्या माउलीचे शब्द ऐकून आमचा घास हातातच राहिला. घरासाठी घ्यावयाच्या गाडीतून घरातलेच एक माणूस आम्ही नकळत उतरवून ठेवले होते.

त्यानंतर महिनाभर आम्ही मिळेल त्या गाडीत बसून पाहिले, आणि ध्यानात आले ते हे, की गाडीची लांबी व आतील सुख यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही. अँबॅसडर सुमारे १४ फूट लांब होती. परंतु तिचे इंजिन पुढे उभे बसविलेले आणि गती मिळे ती मागच्या चाकांना. त्यासाठी तळातून दांडा न्यावा लागे व मागच्या मधल्या प्रवाशाच्या पायांत उंचवटा येई. १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली मारुती ८०० जेमतेम ११ फुटांची. तिच्यात इंजिन आडवे बसवून पुढचीच चाके फिरविली होती. म्हणून एवढ्याशा गाडीतही चौघांचे पाय मावले. ही युक्ती इंग्लंडातील ‘मिनी’ या छोट्या गाडीने १९५९ सालीच लोकप्रिय केली होती.

मग अँबॅसडर वृद्धांना सुखाची का वाटे? तिच्या उंचीमुळे. ती सव्वापाच फूट उंच होती. तिची बैठकही उंच असे. आजची सेडान १५ फुटांपर्यंत लांब असली तरी उंचीला बहुधा ५ फुटांच्या आतच असते. छप्पर मागे उतरते, म्हणून आसनही खाली न्यावे लागते. याउलट वॅगन-आर अवघी १२ फूट लांब, पण साडेपाच फूट उंच. जी जागा लांबीत मिळत नाही, ती उंचीत मिळविलेली.

शाळेच्या बाकांशी आमचा तीस वर्षांचा परिचय आहे. बाक फार उंच असेल तर मुलाचे पाय लोंबकळतात, फार ठेंगणा असेल तर गुडघे वर येतात. दोन्हींत त्याचे चित्त धड्यात राहत नाही. मोटारीचा न्याय निराळा नाही. गुडघे कमरेच्या वर गेले की मांडीला आधार उरत नाही व सारा भार माकडहाडावर येतो. मोठ्या गाड्यांच्या तिसऱ्या रांगेत नेमके हेच होते. शिवाय ती रांग मागच्या चाकांवर असल्याने प्रत्येक खड्डा तेथे आधी पोहोचतो. काही विजेच्या गाड्यांतही तळाखालच्या बॅटरीमुळे पायांखालची जमीन वर येते, तेही पाहून घ्यावे. उंच गाड्यांत पाय मोकळे राहतात, पण चढावयास पायरी मोठी. आणि जुन्या ट्रॅक्समधील समोरासमोरच्या आडव्या बाकांवर घाटात काय गत होते, हे वडापने फिरलेल्यांस सांगावयास नको.

तेव्हा परीक्षा अशी करावी. घरातील सर्वांत उंच माणसास पुढे बसवून आसन त्याच्या सोयीने मागे घ्यावे आणि मग त्याच्या पाठीमागे दुसऱ्याने बसून पाहावे. मागे तिघांनी एकाच वेळी बसावे. मधल्याला डोके टेकावयास उशी व खांद्यावरून येणारा पट्टा आहे काय, हे पाहावे. मागच्यांनीही पट्टा बांधणे कायद्याने आवश्यक आहे; मांडीवर पोरे घेऊन नऊजणांनी जाण्याचे दिवस संपले, आणि संपले ते बरेच झाले. दार किती उघडते, धरावयास मूठ आहे की नाही, हेही तपासावे.

आम्ही अखेर ती लांब गाडी सोडून आखूड पण उंच गाडी घेतली. चिरंजीव दोन दिवस रुसले. मार्गशीर्षात चोर्ला घाटाने कवळ्यास गेलो, तेव्हा देवळापाशी आम्ही सवयीने हात पुढे केला. आईने तो धरला नाही. स्वतः दार उघडले, दोन्ही पाय जमिनीवर टेकले आणि पदर सावरीत म्हणाली, “नारळ घे, डिकीत राहिला.”

वाचकांपैकी कोणी गाडी घेणार असतील, त्यांनी घरातील सर्वांत वडील माणसास दुकानात न्यावे. किंमत विचारण्यापूर्वी त्यास बसवून पाहावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, उतरवून पाहावे.