शंभर टक्के म्हणू नका!

मुलामुलींनो,

आमच्या तळेगाव ढमढेऱ्यात, आमच्याच आळीत, एक दोनशेपानी वही आहे. तिच्या पुठ्ठ्यावर स्केचपेननं मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘अंदाज वही’. प्रो कबड्डीचे सामने सुरू झाले की ही वही कपाटातून बाहेर निघते. नियम दोनच. सामना सुरू व्हायच्या आत अंदाज लिहायचा, आणि पेननं लिहायचा. खाडाखोड केली की अंदाज बाद!

सुरुवातीचे दोन महिने वहीकडे फारसं कुणी फिरकत नाही. पण साखळी फेरीचे शेवटचे आठ-दहा दिवस उरले की बघा मजा. कोण आत, कोण बाहेर, कुणाला कुणी हरवायला हवं, यावरून पारावर नुसता कल्ला! गणिताच्या तासाला ज्यांना घाम फुटतो तेसुद्धा बोटांवर भराभर बेरजा करतात. आज मी तुम्हांला हेच गणित सांगणार आहे. आणि त्याच गणितात मी एकदा कसा सपशेल आपटलो, तेही सांगणार आहे.

आधी गणित. २०२३-२४ च्या हंगामात बारा संघ होते. प्रत्येकाला २२ सामने. जिंकलात तर ५ गुण, बरोबरी झाली तर ३. आणि हरलात, पण ७ किंवा त्याहून कमी गुणांनी हरलात, तर १ गुण. पहिले सहा संघ पुढे जाणार. त्यातले पहिले दोन थेट उपांत्य फेरीत, बाकीच्या चौघांना आणखी एक सामना खेळून तिथं पोचायचं.

तो हरल्यावरचा एक गुण फार गमतीचा आहे बरं का! गुजरात जायंट्सनं १३ सामने जिंकले. तेराचा पाढा म्हणा, ६५. नऊ हरले, पण त्यातले पाच थोडक्यात. झाले ७० गुण. पाटणा पायरेट्सनं जिंकले फक्त ११, म्हणजे ५५. पण तीन बरोबरीचे ९ आणि थोडक्यात हरलेल्या पाच सामन्यांचे ५. एकूण ६९. दोन विजय कमी, पण गुण मात्र एकानंच कमी! म्हणून शेवटच्या दोन मिनिटांत सामना हातातून गेलेला दिसला, तरी शहाणा संघ हातपाय गाळत नाही. दहानं हरण्यापेक्षा सातनं हरणं बरं. त्या एका गुणाची किंमत शेवटच्या आठवड्यात कळते.

आता ‘आत की बाहेर’ कसं काढायचं? सोपं आहे. संघाचे आजचे गुण घ्या, उरलेल्या सामन्यांना ५ नं गुणा आणि मिळवा. समजा एका संघाचे ५० गुण आहेत आणि तीन सामने उरलेत. सगळे जिंकले तर ६५. सहाव्या नंबरवाल्याचे आजच ६६ असतील, तर हा संघ संपला. इथं अंदाजाचं काम नाही, हा हिशेब आहे. पण सहाव्याचे ६३ असतील, तर दार किलकिलं आहे. स्वतः जिंकायचं आणि दुसरा कधी हरतोय याची वाट बघत बसायचं.

ही वाट बघणं फार वाईट. २०२४ च्या डिसेंबरात तेलुगू टायटन्सचे बावीसच्या बावीस सामने संपले होते. गुण ६६. त्यांच्या हातात आता काहीच उरलं नव्हतं. साखळीच्या शेवटच्या दिवशी यू मुंबानं बंगाल वॉरियर्सला हरवलं आणि टायटन्स बाहेर! गंमत म्हणजे आदल्या हंगामात सातव्या संघाचे गुण होते ५५. म्हणजे तेव्हा ५६ गुणांतही काम भागलं असतं, आणि इथं ६६ सुद्धा पुरले नाहीत. तेव्हा ‘मागच्या वर्षी इतके पुरले, म्हणजे यंदाही पुरतील’ असं कुणी म्हणालं, तर त्याला हे उदाहरण सांगा.

आता माझ्या आपटण्याची गोष्ट.

त्या २०२३-२४ च्या हंगामात आपली पुणेरी पलटण जबरदस्त खेळली. कप्तान होता नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. २२ पैकी १७ विजय, दोनच पराभव, तीन बरोबऱ्या. ९६ गुणांसह पहिला नंबर. दुसरी जयपूर पिंक पँथर्स, ९२ गुण. हा जयपूर म्हणजे आदल्या वेळचा विजेता. १७ डिसेंबर २०२२ ला मुंबईत त्यांनी पलटणलाच अंतिम सामन्यात ३३-२९ असं हरवलं होतं. त्यामुळे ‘पलटण आणि जयपूर पुन्हा समोरासमोर येणार, आणि यंदा वचपा निघणार’ हे आमच्या आळीत सगळ्यांनी ठरवूनच टाकलेलं.

मधे होती फक्त हरियाणा स्टीलर्स. पाचवा नंबर, ७० गुण. त्यांच्या तक्त्यात एक विचित्र गोष्ट होती. सगळ्या सामन्यांत त्यांनी मिळवलेले गुण, त्यातून दिलेले गुण वजा केले, तर उत्तर यायचं वजा १३! म्हणजे कमावले त्यापेक्षा जास्त गमावलेले. उलट तमिळ थलायवाजचा फरक अधिक ३२, तरी ते नववे. का? जिंकले तेव्हा दणकून जिंकले, पण तेरा सामने हरले. हरियाणाचं उलटं. थोडक्यात जिंकायची त्यांना सवय. पण मी काय बघितलं? फक्त ते वजा १३.

उपांत्य सामन्याच्या दिवशी, २८ फेब्रुवारी २०२४ ला, मी वहीत लिहिलं, ‘जयपूर. शंभर टक्के.’ खाली दोन रेघासुद्धा मारल्या. आळीतली पोरं मला जाणकार समजतात. तुमच्यासाठी खेळांवर लिहितो ना! त्यामुळे माझ्याखाली सगळ्यांनी जयपूरच लिहिलं.

हरियाणानं जयपूरला ३१-२७ असं हरवलं.

पोरं हसली, मीही हसलो. एक मुलगा मात्र हसला नाही. सहावीतला. खाली मान घालून बसला होता. दुसऱ्या दिवशी कळलं, त्यानं एका मोठ्या मुलाशी पन्नास रुपयांची पैज लावली होती. ते पन्नास रुपये त्याच्या आईनं दळणाला आणि तेलाला दिलेले. घरी त्यानं सांगितलं, पैसे वाटेत पडले. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, “अरे, लावलेस कशाला?”

तो म्हणाला, “काका, तुम्हीच लिहिलं होतं ना, शंभर टक्के.”

दोस्तांनो, मला काही बोलताच येईना. पैज लावली ही चूक त्याचीच. खोटं बोलला ही चूकही त्याचीच. पण ‘शंभर टक्के’ हे दोन शब्द माझे होते. संध्याकाळी आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. त्यानं आईला खरं सांगितलं. मी पन्नास रुपये पुढं केले, तर ती माउली म्हणाली, “भाऊजी, पैसे ठेवा. तुम्ही भरलेत तर त्याला काय कळणार? महिनाभर दळण तोच आणेल.” आणि त्यानं आणलंही, डोक्यावर डबा घेऊन.

त्या रात्री मी तक्ता घेऊन बसलो. जयपूरनं २२ पैकी १६ सामने जिंकले होते. भागून बघा. शंभरात साधारण त्र्याहत्तर. एवढा तगडा संघसुद्धा शंभरातले सत्तावीस सामने जिंकत नव्हता! ते सत्तावीस मी कुठं टाकले? हिशेबानं येतं तेवढंच ‘नक्की’ म्हणायचं. ‘हा संघ आता बाहेर’ हे नक्की असू शकतं. ‘उद्या हा जिंकणार’ हे कधीच नक्की नसतं. हे दोन मी एकत्र कालवले, तिथंच माझं चुकलं.

तेव्हापासून वहीत तिसरा नियम आला. संघाच्या नावापुढं शंभरात किती ते लिहायचं. साठ, सत्तर, ऐंशी, जे वाटेल ते. आणि शंभर लिहायला बंदी! हंगाम संपला की आम्ही पडताळा घेतो. ज्या दहा सामन्यांपुढं तुम्ही ‘सत्तर’ लिहिलं, त्यातले सातेक बरोबर आले, तर तुमचा अंदाज चांगला. चारच आले, तर तुम्ही फुशारकी मारली. आणि दहाच्या दहा आले, तर उगीच घाबरलात! ही वही आता तोच सहावीतला मुलगा सांभाळतो. आज तो मोठ्या वर्गात गेलाय, आणि पडताळ्यात माझ्यापेक्षा पुढं आहे.

पुढं काय झालं? १ मार्च २०२४ ला हैदराबादला अंतिम सामना झाला. पंकज मोहितेनं एकाच चढाईत चार गुण आणले तेव्हा आमच्या आळीत थाळ्या वाजल्या. पलटण २८-२५ अशी जिंकली आणि पहिल्यांदाच विजेती झाली. माझ्या नावापुढं त्या दिवशी होतं, ‘पलटण, सत्तर’.

पण लगेच पुढच्या हंगामात हीच पलटण पहिल्या सहांतसुद्धा आली नाही. त्या वर्षीचा अंतिम सामना आपल्या पुण्यात, बालेवाडीला झाला, आणि जिंकला कुणी? हरियाणानं! २०२५ ला तर गणितच बदललं. प्रत्येकी १८ सामने, विजयाला २ गुण, हरलात तर शून्य, आणि पुढं आठ संघ. पलटण आणि दबंग दिल्ली दोघांचे २६ गुण झाले, गुणफरकावर पलटण पहिली. आणि ३१ ऑक्टोबरला दिल्लीत, दिल्लीनंच तिला अंतिम सामन्यात ३१-२८ असं हरवलं. एकदा तीन गुणांनी जिंकलो, एकदा तीन गुणांनी हरलो.

पालकांसाठी दोन शब्द. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये केला. पण पारावरच्या पैजेला कायदा कुठला पोचायला! तिथं आपणच पोचायला हवं. मुलांना अंदाज जरूर बांधू द्या. फक्त डाव पैशांचा नको, वहीतल्या गुणांचा असू द्या.

आता तुमच्यासाठी कोडं. २०२३-२४ च्या साखळीत अकरा संघांचे गुणफरक असे होते: पलटण अधिक २५३, जयपूर अधिक १४१, दिल्ली अधिक ५३, गुजरात अधिक ३२, हरियाणा वजा १३, पाटणा अधिक ५०, बंगाल वजा ४३, बेंगळुरू वजा ६७, तमिळ अधिक ३२, मुंबा वजा ७९, यूपी वजा ११६. बाराव्या तेलुगू टायटन्सचा फरक किती? तक्ता न बघता सांगायचं! एवढंच लक्षात ठेवा, एकानं मिळवलेला प्रत्येक गुण दुसऱ्या कुणीतरी दिलेला असतो.

उत्तर पुढच्या अंकात. तुम्हांला ते आजच सापडेल असा माझा अंदाज आहे. शंभरात नव्वद!

तुमचा,
क्रीडाकाका