पान सुधारले, तरी जुनेच का दिसते?

समजा, पाच मोहल्ल्यांचे मिळून एक संकेतस्थळ आहे आणि त्यात प्रत्येकाचा स्वतंत्र ब्लॉग. वर्डप्रेसमध्ये २०१० सालच्या ३.० आवृत्तीपासून ही सोय आहे, तिला मल्टिसाइट म्हणतात. रमजानमध्ये एका ब्लॉगवर इफ्तारची वेळ दहा मिनिटे आधीची पडली. ब्लॉग सांभाळणाऱ्या मुलीने ती लगेच सुधारली, पाहिली, बरोबर दिसली. तरी खालांचा फोन येतो, "बेटा, इथे तर जुनीच वेळ आहे!" दोघींचेही खरेच असते. आणि इथे प्रश्न रोज्याचा आहे, "नंतर दिसेल आपोआप" म्हणून चालत नाही.

वर्डप्रेस डेटाबेसमधून माहिती काढून पान जुळवते. त्यात वेळ जातो. म्हणून डब्ल्यूपी सुपर कॅशसारखे प्लगइन जुळवलेल्या पानाची प्रत सर्व्हरवर ठेवते आणि पुढच्या वाचकाला तीच देते, खानावळीत आधीच वाढून ठेवलेल्या ताटासारखी. लॉगिन केलेल्याला मात्र सहसा ताजे पान मिळते. म्हणून मुलीला नवी वेळ दिसते, खालांना जुनी.

लेख सुधारला की प्लगइन त्याची जुनी प्रत बहुधा स्वतःच काढते. पण तीच वेळ कडेच्या चौकटीत, इतर पानांवरही छापलेली असेल, तर त्या प्रती तशाच राहतात.

अशा वेळी मुख्य व्यवस्थापक घाईने सगळ्या ब्लॉगचे कॅश पुसण्याचे बटण दाबतात. हे टाळावे. मगरिबच्या आधी पाचही मोहल्ले एकदम वेळ पाहायला येतात. त्याच क्षणी प्रत्येक पान नव्याने जुळवायचे म्हटले तर स्वस्तातला सर्व्हर धापा टाकतो. चूक एका मोहल्ल्याची, खोळंबा पाचांचा.

त्यापेक्षा लॉगिन असतानाच चुकीचे पान उघडावे आणि वरच्या काळ्या पट्टीतले 'डिलीट कॅश' दाबावे. त्या एका पानाची प्रत जाते. चौकट अनेक पानांवर असेल तर व्यवस्थापकांना सांगून फक्त आपल्या ब्लॉगचे कॅश काढून घ्यावे. मध्ये क्लाउडफ्लेअर असेल आणि तिथेही पाने साठत असतील, तर तेथे नेमका पत्ता देऊन एकच पान काढता येते. मग इन्कॉग्निटो खिडकीत, लॉगिन न करता पाहावे. खालांना जे दिसते ते तिथेच कळते.

खालांच्या मोबाइलवर तरीही जुनेच असेल तर ब्राउझरच्या साइट सेटिंग्जमधून त्या एकाच संकेतस्थळाचा डेटा काढावा. कुकीजसकट सगळे पुसले तर बाकीच्या ठिकाणचे लॉगिनही जाते, आणि पासवर्ड कुणाला आठवतो!

वेळापत्रकाचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरला असेल, तर यातले काहीच कामाचे नाही. त्याच ग्रुपवर नवा फोटो टाकून, "आधीचा चुकीचा आहे" असे स्पष्ट लिहावे, आणि तेही असरच्या आधी.