२३ लाखांत दुबईचा गोल्डन व्हिसा? बातमी खोटी निघाली, पण मग खरा भाव काय?

जुलै २०२५ च्या पहिल्या आठवड्यात एक बातमी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाऱ्यासारखी पसरली. एक लाख दिरहम, म्हणजे साधारण २३ लाख रुपये भरा आणि संयुक्त अरब अमिरातीचा, अर्थात यूएईचा, आयुष्यभराचा गोल्डन व्हिसा मिळवा! घर घ्यायची अट नाही, धंदा सुरू करायची अट नाही. मुंबई-पुण्यात २३ लाखांत वन बीएचके मिळणं मुश्कील. तेवढ्यात अख्खं कुटुंब दुबईला हलवता येणार असेल तर कोण नाही म्हणेल?

दोन-तीन दिवसांतच यूएईच्या सरकारी प्राधिकरणाने ही बातमी फेटाळली. अर्ज फक्त सरकारी माध्यमांतूनच घेतले जातात, कोणत्याही सल्लागार कंपनीला त्यासाठी अधिकृत मान्यता दिलेली नाही, असं स्पष्ट केलं. ज्या कंपनीच्या नावाने बातमी फिरत होती, तिनेही माफी मागितली.

अफवा संपली, पण इतक्या लोकांना ती खरी का वाटली? आणि पैसे गुंतवून परदेशात राहण्याचा परवाना खरंच मिळतो का?

गोल्डन व्हिसा म्हणजे नेमकं काय?

देशात ठरावीक रक्कम गुंतवा, त्या बदल्यात तिथे राहण्याचा परवाना घ्या, असा हा साधा व्यवहार आहे. यूएईने ही योजना २०१९ मध्ये आणली आणि २०२२ मध्ये तिचे नियम आणखी सोपे केले.

घर किंवा जमीनजुमल्यातून हा व्हिसा हवा असेल तर किमान २० लाख दिरहमची मालमत्ता लागते. म्हणजे साडेचार कोटी रुपयांहून जास्त. अफवेतला आकडा याच्या विसाव्या हिश्शाएवढा होता. शिवाय हा व्हिसा आयुष्यभराचा नसतो. तो १० वर्षांचा असतो आणि अटी पूर्ण होत असतील तर त्याचं नूतनीकरण होतं.

पैसे न गुंतवताही काहींना तो मिळतो. डॉक्टर, शास्त्रज्ञ, हुशार विद्यार्थी, महिना ३० हजार दिरहम किंवा जास्त पगार असलेले कुशल व्यावसायिक असे गट त्यात आहेत. मात्र प्रत्येक गटाच्या अटी आणि कागदपत्रं वेगळी आहेत.

मग एवढी भुरळ कशाची?

यूएईत ३५ लाखांहून अधिक भारतीय राहतात. त्यांतल्या बहुतेकांचा व्हिसा नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी गेली की ठरावीक मुदतीत दुसरी शोधा, नाहीतर बॅग भरा. सलग सहा महिने देशाबाहेर राहिलं तर साधा व्हिसा रद्दही होऊ शकतो.

गोल्डन व्हिसामुळे ही टांगती तलवार दूर होते. त्याला मालकाचं प्रायोजकत्व लागत नाही. सहा महिन्यांहून जास्त काळ बाहेर राहिलं तरी तो टिकतो. जोडीदाराला आणि कोणत्याही वयाच्या मुलांना सोबत ठेवता येतं. ज्याने पंधरा वर्षं शारजात नोकरी केली आणि मुलं तिथेच शाळेत घातली, त्याच्यासाठी ही चैन नाही, घराच्या स्थैर्याचा प्रश्न आहे.

यातून नागरिकत्व मिळतं का?

नाही. १० वर्षांनीही तुमचा पासपोर्ट भारतीयच राहतो. यूएई मोजक्या परदेशी लोकांना नागरिकत्व देतं, पण त्यासाठी थेट अर्ज करता येत नाही, नामांकन लागतं.

२०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षांत प्रत्येकी दोन लाखांहून अधिक भारतीयांनी नागरिकत्व सोडलं. हा आकडा अनेकदा गोल्डन व्हिसाच्या जाहिरातींना जोडला जातो, पण ही गल्लत आहे. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं सुटतं. निवासाचा परवाना घेतल्याने ते सुटत नाही.

टॅक्स वाचतो का?

यूएईत पगारावर प्राप्तिकर नाही, हे खरं. पण नुसता व्हिसा हातात आला म्हणून भारतातला कर संपत नाही. तुम्ही वर्षात किती दिवस कुठे राहिलात, हे पाहिलं जातं. भारतात १८२ किंवा त्याहून जास्त दिवस राहिलात तर तुम्ही इथले रहिवासी. मग सामान्यतः जगभरातलं उत्पन्न विवरणपत्रात दाखवावं लागतं, दुबईच्या फ्लॅटचं भाडंसुद्धा. परदेशातली मालमत्ता लपवली तर काळ्या पैशाविरोधातल्या कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो.

पैसे पाठवण्यावरही मर्यादा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. २० लाख दिरहम म्हणजे जवळपास साडेपाच लाख डॉलर. म्हणजे नवरा-बायकोने दोघांची मर्यादा एकत्र केली तरी एका वर्षात एवढी रक्कम पाठवता येत नाही. शिवाय अशा गुंतवणुकीसाठी १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते. तो नंतर करात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर पैसा अडकतो.

युरोपचं काय?

तिकडे दारं बंद होत आहेत. ब्रिटनने गुंतवणूकदार व्हिसा २०२२ मध्ये थांबवला, आयर्लंडने २०२३ मध्ये. पोर्तुगालने २०२३ मध्ये घरखरेदीचा मार्ग काढून टाकला. ग्रीसने २०२४ मध्ये अथेन्ससारख्या भागांत किमान रक्कम आठ लाख युरोवर नेली. स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये योजनाच गुंडाळली.

स्पेन, पोर्तुगालमधलं मोठं कारण घरांच्या किमती. बाहेरून आलेला पैसा घरांत ओतला जातोय आणि माद्रिद, लिस्बनच्या स्थानिक तरुणांना भाडं परवडत नाही, हा राग रस्त्यावर आला. सरकारांना तो ऐकावा लागला. नियम बदलले म्हणून जुने परवाने सहसा लगेच रद्द होत नाहीत, पण वाटेत असलेल्यांची फरफट होते. पोर्तुगालमध्ये पैसे गुंतवूनही वर्षानुवर्षं परवान्याची वाट पाहणारे लोक आहेत.

पैसे भरण्याआधी काय तपासाल?

अर्ज सरकारी संकेतस्थळावरूनच करा. यूएईसाठी ओळख व नागरिकत्व प्राधिकरण आणि दुबईत तिथलं निवास खातं, हेच अधिकृत मार्ग आहेत. 'नक्की मिळवून देतो' म्हणणारा एजंट व्हिसा देत नाही, तो फक्त कागद भरतो. भारतात आणि तिकडे किती कर लागेल, हे सीएकडून आधी लिहून घ्या.

आणि व्हिसा मिळाला नाही तरी तोच फ्लॅट त्याच किमतीला घेतला असता का, हे एकदा घरात बसून ठरवा. उत्तर 'नाही' असेल, तर साडेचार कोटी फक्त एका परवान्यासाठी जात आहेत आणि त्या परवान्याचे नियम ठरवणारं सरकार तुम्ही निवडलेलं नाही.