भीमगीतावर सायरन कशाला?

१४ एप्रिलची मिरवणूक हिंगोली शहरातली असो, वसमत-कळमनुरीतली असो की औंढा, सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातली, हल्ली तिची चाहूल गाण्याने लागत नाही, सायरनने लागते. लांबून ऐकणाऱ्याला वाटावे, पोलिसांची गाडी आली की आगीचा बंब? मग पोंगा वाजतो, मग बंदुकीच्या फैरी झडल्यासारखा आवाज येतो आणि या सगळ्या गदारोळात कुठेतरी एक भीमगीत गुदमरत चाललेले असते. त्याचे शब्द कोणते, हे नाचणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आम्ही डीजेच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकतो. जयंती आली की संस्कृतीच्या नावाने गळा काढणारे आणि गणपतीत कानात बोळे घालून बसणारे बरेच आहेत; त्यांच्या सुरात सूर मिसळण्याची आम्हाला गरज नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या आजा-पणजांना गावकीचे काम म्हणून, शिळ्या भाकरीच्या मोबदल्यात वाजवावे लागत होते. त्यांचा नातू आज मिक्सरपुढे उभा राहतो, सुपारी ठरवतो, रोख पैसे मोजून घेतो. ही साधी गोष्ट नाही. म्हणूनच त्याच्या हातातल्या बटणाबद्दल आम्हाला बोलायचे आहे.

मिक्सरमध्येच बसवलेले हे इफेक्ट करतात तरी काय? इको म्हणजे आवाजाचा तुकडा यंत्राने क्षणभर साठवायचा आणि पुन्हा पुन्हा, हळूहळू विरत सोडायचा. चांगला मिक्सर गाण्याचा ठेका मोजून हे करतो. मिनिटाला १२० ठेके असतील तर एक ठेका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे प्रतिध्वनी बरोबर तालात पडतो. रिव्हर्बने आवाज मोठ्या सभागृहात घुमल्यासारखा होतो, फिल्टरने ढोलाचा धमका काढून घेता येतो आणि पुन्हा सोडता येतो. सायरन आणि पोंगा मात्र गाण्यावर काहीच करत नाहीत. ते गाण्याच्या डोक्यावर येऊन बसतात. गायकाच्या उच्चारातली स, श, च, त ही व्यंजने ज्या उंच पट्टीत स्पष्ट होतात, त्याच पट्टीत सायरनचा कर्कशपणा असतो आणि आपला कानही तिथेच सर्वांत तिखट असतो. परिणाम काय? धमका उरतो, शब्द मरतो.

आणि आपल्याकडे शब्दाशिवाय होते तरी काय? भीमराव कर्डकांचे जलसे घ्या, आयुष्यभर गावोगाव गात फिरलेले वामनदादा कर्डक (१९२२-२००४) घ्या. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत बाबासाहेब गाण्याच्या ओळीतून पोहोचले. ती ओळ कानावर पडली नाही तर आपली मिरवणूक आणि एखाद्या आमदाराच्या वाढदिवसाची मिरवणूक यात फरक काय राहिला, बांधवांनो?

इफेक्ट म्हणजे शब्दाचा शत्रू, असेही नाही. १९७० च्या दशकात जमैकाच्या किंग्स्टन शहरात, गुलामांच्या वंशजांच्या गरीब वस्तीत, किंग टबी नावाचा यंत्रदुरुस्तीत वाकबगार माणूस होता. त्याने स्वतः फेरफार केलेल्या मिक्सरवर इको आणि फिल्टर असे काही चालवले की त्यातून डब नावाचा संगीतप्रकार उभा राहिला. तो काय करायचा? वाद्ये काढून घ्यायचा, गायकाचा एखादाच शब्द ठेवायचा आणि तो घुमवत न्यायचा. गर्दी त्या शब्दावर थांबायची. हेच तंत्र, हेच बटण. आपल्या पोराने ओळ चालू असताना हात आवरला, कडव्याच्या शेवटच्या शब्दावर तेवढा इको सोडला, शब्द संपून नुसते वाद्य वाजत असताना फिल्टर खेळवला, तर लोक नाचतील आणि ऐकतीलही.

आता वकील म्हणून थोडे. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ तो उघड्यावर बंद ठेवावा लागतो. शासनाने सूट दिलेल्या ठराविक दिवशी तेवढी १२ पर्यंत मुभा. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर फार तर त्यावर १० ची सवलत. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्यापासून १०० मीटर शांतता क्षेत्र असू शकते. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम ११९ प्रमाणे धडकी भरवणारा किंवा अनेक सुरांचा भोंगा वाहनावर बसवता येत नाही; रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस यांना तेवढी मोकळीक. मिक्सरचा सायरन हा बसवलेला भोंगा नव्हे, असा युक्तिवाद आम्ही न्यायालयात करूही, पण डीजे बांधलेला ट्रक हे वाहनच आहे आणि अर्थ लावणारा फौजदार आपला नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात ध्वनिक्षेपक, ॲम्प्लिफायर जप्त करण्याची तरतूद करा, असे राज्यांना बजावले आहे. जप्तीत जाते ते कर्ज काढून घेतलेले सामान. कलम २२३ खाली गुन्ह्यात नाव येते ते पोलीस भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या पोराचे. चारित्र्य पडताळणीत हाच कागद आडवा येतो. नियम सर्वांना सारखा लावा, हे भांडण आम्ही भांडूच. पण दोन मिनिटांच्या सायरनपायी त्या पोराची भरती का जावी?

जयंती समित्यांनी यंदा सुपारी देतानाच कागदावर लिहून घ्यावे: गाणे चालू असताना सायरन, पोंगा, गोळीबाराचा आवाज नाही, इको शेवटच्या शब्दावर आणि तोही अर्ध्याहून कमी, दवाखान्याजवळ सगळा आवाज बंद. आणि मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी डीजेवाल्याला बोलवावे, चार जाणत्या बायाबापड्यांना पन्नास पावलांवर उभे करून एक गाणे वाजवावे आणि त्यातले शब्द त्यांना विचारावेत.